सीआरटी पेसमेकर आणि इको: मशीन बसवल्यावर इकोने 'ट्यून' करण्यात अर्थ किती?

लयभंग
हार्ट फेल्युअरमधल्या सीआरटीविषयी (हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे, म्हणजे निलयं, एका तालात चालवणारा पेसमेकर) बोलताना 'इको-गायडेड' (हृदयाची सोनोग्राफी बघून केलेलं) हा शब्द सगळे सरसकट वापरतात, पण त्यात तीन वेगळी कामं एकाच पिशवीत कोंबलेली असतात. एक, सीआरटी कोणाला बसवायची हे इकोवरून ठरवणं. दोन, डाव्या बाजूची लीड (पेसमेकरची तार) कुठे टेकवायची हे ठरवणं. तीन, मशीन बसल्यावर एव्ही आणि व्हीव्ही डिले (कर्णिका ते निलय आणि दोन निलयांमधला थांबा) इको बघत जुळवणं.

माझं मत आधीच सांगतो. पहिलं काम इकोचं नाही, ईसीजीचं आहे. तिसऱ्याचा नको इतका गाजावाजा झालाय. दुसऱ्याकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. आणि तरीही जवळपास तिसरा हिस्सा पेशंटना अपेक्षित फायदा होत नाही, हे सगळेच मान्य करतात. वाद घालायला या.

मुसाफिर
रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचेन.

डॉप्लरदादा
पहिल्या मुद्द्याला +१. पण तो का बारगळला ते लिहायला हवं, नाहीतर नवे लोक तीच मापं पुन्हा उकरून काढतात.

२००८ च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात ५३ केंद्रांवर ४९८ पेशंट घेतले आणि डिससिंक्रनीची (हृदयाच्या भिंती एका वेळी न आकुंचण्याची) १२ इको मापं तपासली. फायदा कोणाला होईल हे ओळखण्यात या मापांची संवेदनशीलता ६ ते ७४ टक्के आणि विशिष्टता ३५ ते ९१ टक्के अशी पसरली. भरवसा ठेवावा असं एकही माप निघालं नाही.

कारणं तांत्रिक आहेत. टिश्यू डॉप्लरवर एकाच सेगमेंटला दोन-तीन शिखरं दिसतात, मग कुठलं धरायचं? शिवाय तो वेग मोजतो, आकुंचन नाही. शेजारच्या निरोगी भागाने ओढलेला मेलेला स्नायूसुद्धा वेग दाखवतो. एम-मोडवर (एकाच रेषेवरची हालचाल दाखवणारा इको) सेप्टम (दोन निलयांमधली भिंत) आणि मागची भिंत यांच्यातलं अंतर १३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त असावं, असा एक निकष होता. पण हार्ट अटॅकनंतर सेप्टम सपाट पडलेला असला तर शिखरच सापडत नाही, आणि तंत्रज्ञ रेषेवर कुठेतरी कर्सर टेकवून मोकळा होतो.

तिरकस
बारा मापं घेतली आणि एकही कपडा अंगाला बसेना. असा शिंपी गिऱ्हाइकं गमावतो, इथे मात्र पेपर छापून आला :)

डॉप्लरदादा
@तिरकस, हसू नका, पुढचं जास्त गंभीर आहे. २०१३ च्या इको-सीआरटी अभ्यासात क्यूआरएस (ईसीजीवरची निलयांची लाट) १३० मिलिसेकंदांपेक्षा कमी, ईएफ (दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा टक्का) ३५ टक्के किंवा कमी आणि इकोवर डिससिंक्रनी असे ८०९ पेशंट होते. मशीन सगळ्यांना बसवलं, अर्ध्यांचं सीआरटी चालू ठेवलं, अर्ध्यांचं बंद. चालू गटात ४५ मृत्यू, बंद गटात २६. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. क्यूआरएस अरुंद असताना इकोवर काहीही दिसलं तरी सीआरटी बसवायची नाही, हा विषय तिथे संपला.

सेप्टल_फ्लॅश
संपला तो विषय 'दोन शिखरांमधले मिलिसेकंद' मोजण्याचा. डिससिंक्रनी बघण्याचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत धाग्यात होतेय.

खऱ्या एलबीबीबीमध्ये (हृदयाच्या डाव्या विद्युत फांदीतला अडथळा) सेप्टम आधी आकुंचन पावतो. समोरून विरोध नसतो म्हणून तो आत झटका मारतो, आणि लॅटरल वॉल (डाव्या निलयाची बाहेरची भिंत) उशिरा जागी झाली की बाहेर ढकलला जातो. हा सेप्टल फ्लॅश. पॅरास्टर्नल खिडकीतून एम-मोड लावा, स्वीप १०० मिमी प्रति सेकंद, ईसीजी स्वच्छ. क्यूआरएसच्या आतच, महाधमनीची झडप उघडण्याआधी सेप्टमचा आत-बाहेर असा चटकन ठोका दिसला की फ्लॅश आहे. दुसरी खूण अपायकल रॉकिंगची. चार कप्प्यांच्या दृश्यात टोक आधी सेप्टमकडे झुकतं आणि इजेक्शनच्या वेळी लॅटरल बाजूकडे झोका घेतं. लूप हळू करून बघितलं तर मोजण्याची गरजही पडत नाही.

२०१६ च्या प्रेडिक्ट-सीआरटी अभ्यासात १०६० पेशंट होते. ज्यांच्यात मशीन बसवण्यापूर्वी या खुणा होत्या आणि नंतर गेल्या, ते जास्त जगले. अर्थात ते निरीक्षण होतं, चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती.

लयभंग
@सेप्टल_फ्लॅश, मान्य. पण वापरायचं कुठे? लय सायनस (नैसर्गिक), एलबीबीबी, क्यूआरएस १५० किंवा जास्त, ईएफ ३५ किंवा कमी आणि पुरेशा औषधांनंतरही लक्षणं, अशा पेशंटला २०२१ ची युरोपियन मार्गदर्शक तत्त्वं पहिल्या वर्गात (बसवावीच) टाकतात. तिथे फ्लॅश दिसला नाही म्हणून मशीन नाकारणार का?

सेप्टल_फ्लॅश
अजिबात नाही. उपयोग १३० ते १४९ च्या पट्ट्यात, किंवा ईसीजीवर एलबीबीबी म्हणावं की नुसता रुंद क्यूआरएस अशी शंका असताना. एक सावधगिरी: सेप्टममध्येच मोठा व्रण असेल तर फ्लॅश दिसणार नाही, आणि लॅटरल वॉल मेली असेल तर रॉकिंग कमी होतं. म्हणजे खूण नसणं हीसुद्धा माहिती आहे, फक्त ती विद्युत दोषाची नसून व्रणाची आहे. उजव्या निलयातून सतत पेसिंग चालू असलेल्या पेशंटमध्येही रॉकिंग दिसतं. तिथे सीआरटीमध्ये अपग्रेड करायचा विचार असेल तर ते मुद्दाम बघावं.

पोस्टेरोलॅटरल
आता दुसऱ्या मुद्द्यावर या, धागाकर्त्याने नेमकं बोट ठेवलंय.

२०१२ च्या टार्गेट अभ्यासात २२० पेशंट. एका गटात स्पेकल ट्रॅकिंगने (इकोवरच्या ठिपक्यांचा माग काढून) सर्वात उशिरा आकुंचन पावणारा, पण जिवंत सेगमेंट शोधून लीड तिथे टेकवायचा प्रयत्न, दुसऱ्यात नेहमीची पद्धत. सहा महिन्यांनी एलव्हीचं (डाव्या निलयाचं) सिस्टोलच्या, म्हणजे आकुंचनाच्या, शेवटचं आकारमान १५ टक्के किंवा जास्त घटणं हा प्रतिसाद धरला. ७० टक्के विरुद्ध ५५ टक्के. स्टार्टर अभ्यासाचा कलही त्याच दिशेने होता.

करायचं असं. पॅरास्टर्नल शॉर्ट अॅक्सिस, पॅपिलरी स्नायूंच्या पातळीवर आणि शक्यतो बेसलासुद्धा. फ्रेम रेट ५० ते ८०. श्वास रोखून तीन ठोके. महाधमनीची झडप कधी बंद होते ते एलव्हीओटीच्या (डाव्या निलयातून रक्त बाहेर पडण्याचा मार्ग) डॉप्लरवरून आधी भरून ठेवा, नाहीतर सिस्टोलनंतरचं शिखर खरं समजून बसाल. मग सहा सेगमेंटचा रेडियल स्ट्रेन (भिंत किती जाड होते त्याचं माप). शिखर १० टक्क्यांच्या खाली असलेला सेगमेंट व्रण समजून सोडायचा. उरलेल्यांपैकी सर्वात उशिराचा तो लक्ष्य.

चूक कुठे होते? शॉर्ट अॅक्सिस तिरका कापला गेला की वर्तुळाऐवजी लंबगोल येतो आणि मागच्या भिंतीचा स्ट्रेन कोसळतो. मग चांगला सेगमेंट व्रण म्हणून बाद. दृश्य गोल नसेल तर ट्रॅकिंग करूच नये.

कॅथलॅबचा_कोपरा
कागदावर छान आहे. पण कोरोनरी सायनसचा व्हेनोग्राम (हृदयाच्या शिरांचं चित्र) समोर येतो तेव्हा इकोने सांगितलेल्या जागी शीर असतेच असं नाही. असली तरी लीड टिकत नाही, किंवा १० व्होल्टला पोट उडायला लागतं, कारण फ्रेनिक नर्व्ह (डायफ्रॅमची नस) शेजारीच असते.

टेबलवर करता येण्यासारखं एक माप आहे: क्यूआरएसच्या सुरुवातीपासून एलव्ही लीडवर स्थानिक सिग्नल पोचेपर्यंतचा वेळ, म्हणजे क्यूएलव्ही. ९५ मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर जागा उशिराची आहे. त्याला ना खिडकी लागते, ना स्ट्रेन.

पोस्टेरोलॅटरल
@कॅथलॅबचा_कोपरा, क्यूएलव्ही विद्युत उशीर सांगतो. तो स्नायू जिवंत आहे की नाही हे सांगेलच असं नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. इकोचा अहवाल 'हीच जागा' असा नको, 'या बाजूला नको' असा द्या. उदाहरणार्थ: 'मिड पोस्टेरिअरला व्रण, लॅटरल चालेल, बेसल लॅटरल उत्तम.' चार इलेक्ट्रोडची लीड असेल तर तिच्या वेगवेगळ्या टोकांमधून निवड करता येते आणि शेजारचा सेगमेंटही बऱ्यापैकी काम देतो. एक गोष्ट मात्र टाळायचीच, ती म्हणजे टोकाजवळची जागा. मॅडिट-सीआरटीच्या माहितीचं विश्लेषण २०११ मध्ये आलं, त्यात अपायकल लीडचे परिणाम वाईट निघाले.

कॅथलॅबचा_कोपरा
'या बाजूला नको' हे वाक्य आवडलं. असा अहवाल आला तर टेबलवर नक्की वाचला जाईल.

नवखा_वाचक
मधेच विचारतो, माफ करा. एव्ही डिले कमी-जास्त झाला तर इकोवर नेमकं काय बदलतं?

डॉप्लरदादा
@नवखा_वाचक, विचारलंत ते बरं केलंत. एव्ही डिले म्हणजे कर्णिकेचा ठोका जाणवल्यावर निलयांना पेस करायला मशीन किती थांबतं तो वेळ. मायट्रल झडपेतून रक्त दोन लाटांत येतं. आधी ई, मग कर्णिकेच्या आकुंचनाने ए.

डिले फार कमी ठेवला तर कर्णिका अजून ढकलत असतानाच निलय आकुंचन पावून झडप बंद करतं. ए लाटेचं शेपूट कापलेलं दिसतं. फार जास्त ठेवला तर ए पुढे सरकून ई वर चढते, भरण्याचा वेळ आखडतो, आणि ए संपून निलय जागं होईपर्यंतच्या फटीत झडपेतून उलटं लीकेज होतं. डायस्टोलमधलं मायट्रल लीकेज दिसलं की डिले लांब आहे, असं बेधडक म्हणा.

टप्प्याटप्प्याची पद्धत: पल्स्ड डॉप्लरचा सॅम्पल मायट्रल पानांच्या टोकांशी, स्वीप १०० मिमी प्रति सेकंद. स्वतःचं कंडक्शन मधे न येता जेवढा लांब जमेल तेवढ्या डिलेपासून सुरुवात. दरवेळी २० ने कमी. प्रत्येक बदलानंतर निदान दहा ठोके जाऊ द्या. ए कापली गेली की १० ने मागे या. ए पूर्ण दिसेल असा सर्वात छोटा डिले तो तुमचा.

रिटरची पद्धत यापेक्षा झटपट. एक लांब, एक छोटा असे दोनच डिले घ्यायचे आणि प्रत्येकाला पेसिंगच्या खुणेपासून ए संपेपर्यंतचा वेळ मोजायचा. समजा १६० ला तो ७० आला आणि ६० ला ११०. फरक ४०. तो १६० मधून वजा करा, उत्तर १२०. मात्र ही पद्धत मुळात एव्ही ब्लॉकच्या (कर्णिकेचा संदेश निलयापर्यंत न पोचणाऱ्या) पेशंटसाठी निघाली. सीआरटीच्या पेशंटचं स्वतःचं कंडक्शन शाबूत असेल तर लांब डिलेला तेच घुसतं आणि गणित फसतं.

पेसर_पॉइंट
हे सगळं शिकावं, पण सरसकट करू नये. २०१० च्या स्मार्ट-एव्ही अभ्यासात ९८० पेशंटचे तीन गट होते: ठरावीक १२० मिलिसेकंद, इकोने ठरवलेला, आणि मशीनच्या अल्गोरिदमने सुचवलेला. सहा महिन्यांनी एलव्हीच्या आकारमानात फरक नाही.

कारण एलव्हीओटीचा व्हीटीआय (एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचं डॉप्लर माप) मोजणाऱ्या कोणालाही कळेल. एका डिलेवरून दुसऱ्यावर गेल्यावर होणारा बदल बहुतेकदा काही टक्क्यांचा असतो. श्वासाने आणि हाताच्या थरथरीने ठोक्याठोक्यात पडणारा फरक त्याहून मोठा असू शकतो. मग जो आकडा 'सर्वोत्तम' ठरतो तो बऱ्याचदा गोंगाटाचं बक्षीस असतो. शिवाय पेशंट आडवा पडलेला, ठोके साठ-सत्तर. जिना चढताना तोच डिले बरोबर असेल याची हमी काय?

तरी करायचंच असेल तर अपायकल पाच कप्प्यांचं दृश्य, सॅम्पल एकाच जागी, आणि प्रत्येक नव्या डिलेनंतर परत मूळ डिलेवर येऊन मोजा. नव्या-जुन्याची जोडी लावून तुलना केली तर बराच गोंगाट कटतो. आणि एलव्हीओटीचा व्यास मोजायच्या फंदात पडू नका. २० मिमीच्या जागी २२ मोजलात तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी फुगतं. एकाच पेशंटमधल्या तुलनेला नुसता व्हीटीआय पुरतो.

तिरकस
'गोंगाटाचं बक्षीस'. यासाठी धागा उघडल्याचं सार्थक झालं.

निरीक्षक
प्रोब हातात घेण्याआधी एक यादी. इको चांगला असूनही पेशंट सुधारत नाही, तेव्हा बऱ्याचदा दोष डिलेचा नसतोच.

पेसिंग टक्के बघा. दोन्ही बाजूंचं पेसिंग ९८ टक्क्यांच्या खाली असेल तर आधी ते सोडवा. कारण सहसा एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकेची अनियमित थरथर) किंवा जादाचे व्हेंट्रिक्युलर ठोके. पण त्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. फ्युजन झालेले (स्वतःचा आणि पेसिंगचा ठोका मिसळलेले) ठोके मशीन 'पेस केले' म्हणूनच मोजतं. म्हणून बारा लीडचा ईसीजी आणि होल्टर (दिवसभराचा ईसीजी) हवाच. व्ही१ मध्ये आर आणि लीड १ मध्ये क्यू दिसत नसेल तर एलव्ही खरंच कॅप्चर होतेय (पेसिंगला प्रतिसाद देतेय) का ते तपासा. थ्रेशोल्ड (कॅप्चरला लागणारी किमान ऊर्जा) वाढला असेल, लीड सरकली असेल, नाहीतर अॅनोडल कॅप्चरमुळे (करंटच्या दुसऱ्या टोकाने) आरव्हीच (उजवं निलय) आधी उठत असेल. मग एक्स-रे.

एलव्ही कॅप्चर नाही, फक्त आरव्ही पेस होतेय आणि तिथे बसून कोणी एव्ही डिले जुळवतोय, याला काय म्हणावं!

डॉप्लरदादा
@निरीक्षक, दंडवत. यात एक भर: कर्णिका पेस केलेला आणि जाणवलेला असे एव्ही डिले वेगळे असतात. पेस केलेला साधारण ३० ते ५० मिलिसेकंद लांब लागतो, कारण उजव्या कर्णिकेतून डावीकडे पोचायला वेळ जातो. इको सायनस लयीत केला आणि पेशंट दिवसभर कर्णिकेच्या पेसिंगवर असेल तर जुळवलेला आकडा वापरलाच जात नाही.

@पेसर_पॉइंट, सरसकट नको हे मान्य. पण सहा महिन्यांनी प्रतिसाद नाही, पी वेव्ह रुंद, ई-ए चिकटलेल्या, अशा पेशंटला १२० वर सोडून देणं हा आळस आहे.

पेसर_पॉइंट
त्याला माझाही विरोध नाही. स्मार्ट-एव्हीमध्ये असे निवडक पेशंट घेतलेच नव्हते.

व्हीव्ही डिलेचं मात्र मी त्याहून सक्तीने म्हणेन. एलव्ही ४० आधी, २० आधी, शून्य, आरव्ही २० आधी, अशा पायऱ्यांत व्हीटीआयचा फरक गोंगाटाच्या वर जात नसेल तर शून्यावर किंवा एलव्ही थोडी आधी ठेवा आणि उठा.

मितभाषी
अवांतर: लेफ्ट बंडल एरिया पेसिंग आल्यावर ही अर्धी चर्चा जुनी होईल काय?

कॅथलॅबचा_कोपरा
अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. लीड सेप्टममधून डाव्या बंडलजवळ नेली की शिरेचा शोध उरत नाही आणि दोन निलयांमधला व्हीव्ही डिलेही उरत नाही. एव्ही डिले मात्र उरतो. आणि इकोचं काम वाढतं: आधी सेप्टमची जाडी आणि व्रण, नंतर लीडचं टोक किती खोल आहे, डाव्या बाजूला आरपार गेलंय का, ट्रायकस्पिड लीकेज वाढलंय का.

आणि कुठलीही लीड असो, बसवल्यानंतर रक्तदाब घसरला तर पहिला इको सबकोस्टल, पेरिकार्डियममध्ये पाणी बघायला. त्यावेळी कोणी स्ट्रेन काढत बसू नये.

लयभंग
चांगली चर्चा. मूळ मुद्द्यावर परत येतो आणि तिसऱ्याबद्दलचं मत थोडं सैल करतो. सगळ्यांना पूर्ण जुळवणी नको, पण सगळ्यांचा एक मायट्रल इनफ्लो हवा. ई-ए सुट्या, ए अखंड, भरण्याचा वेळ एका ठोक्याच्या ४० टक्क्यांहून जास्त, डायस्टोलमधलं लीकेज नाही, तर डिलेला हात लावू नका. यातलं काही बिघडलेलं असेल तरच डॉप्लरदादांची पायरी. चालेल?

डॉप्लरदादा
चालेल. त्यात लीड नीट कॅप्चर होतेय ही अट आधी घाला.

सेप्टल_फ्लॅश
आणि फ्लॅश व रॉकिंग गेलं का तेही बघा. लूप तर तसाही रेकॉर्ड होतोच.

प्रतिसाद मोजण्याबद्दलही एक. आधीचा आणि सहा महिन्यांनंतरचा इको शक्यतो एकाच मशीनवर, पेसिंग चालू ठेवून, दोन दृश्यांतून सिम्पसन (आकारमान काढण्याची पद्धत). आधीच्या चित्रात टोक आखडलेलं आणि नंतरच्यात पूर्ण असेल तर आकारमान 'वाढलेलं' दिसतं आणि चांगला पेशंट नापास होतो. लागोपाठचे दोन सेगमेंट दिसत नसतील तर कॉन्ट्रास्ट द्या. आकारमान घटलं नाही पण वाढलंही नाही, तर त्यालाही अपयश म्हणायची घाई नको. हा आजार मुळात वाढत जाणारा आहे.

मुसाफिर
रुमाल उचलला. एक शंका राहिली: एट्रियल फिब्रिलेशन कायमचं असेल तर यातलं काय लागू?

निरीक्षक
एव्ही डिले लागू नाही, कर्णिकेचा ठोकाच नाही. तिथे सगळा खेळ पेसिंग टक्क्यांचा. औषधांनी वेग आवरत नसेल तर एव्ही नोडचं (कर्णिका-निलय जोडणारी विद्युत गाठ) अॅब्लेशन, म्हणजे ती जाळणं, त्याशिवाय सीआरटी नुसती नावाला. इको करताना एका ठोक्यावर विसंबू नका. आरआर अंतर जवळपास सारखं असलेले ठोके निवडा, नाहीतर सलग आठ-दहा ठोक्यांची सरासरी घ्या. आणि त्यातले पेस झालेले कुठले, स्वतःचे कुठले, हे ईसीजी पट्टीवर आधी खुणा करून ठेवा. स्वतःचे ठोके सरासरीत मिसळले तर तुम्ही सीआरटी मोजतच नाही आहात.